टकळी ते टूलकिट : नकार कामाला नाही, वारशाला

दहावीचा निकाल लागला की आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दरवर्षी तोच प्रश्न येतो. या वेळी तो एका आईने विचारला. बाई शेतमजुरी करते, मुलाला बासष्ट टक्के मिळाले. "ताई, याले आयटीआयले टाकू का कॉलेजात?"

मी काही बोलण्याआधीच आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, "काकू, बाबासाहेबांनी आपल्याले साहेब व्हाले सांगतलं, पाना-पकड धराले नाही."

कोपऱ्यातून दुसऱ्याचा आवाज आला, "तू एम.ए. करून काय केलं बे? पाच वर्षं झाली, एमपीएससीच करून रायला ना?"

सगळे हसले. ती आई हसली नाही. तिला फॉर्म भरायची तारीख दिसत होती.

हा लेख त्या हसण्यानंतर सुचला. दोन्ही कार्यकर्ते आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघेही अर्धेच बोलले. हाताचे काम आणि शिक्षण यांचे नाते काय असावे, या प्रश्नावर आंबेडकरी चळवळीने फार पूर्वी आणि फार नेमका विचार करून ठेवला आहे. आपण तो वाचत नाही. म्हणून कधी गांधीवादी "श्रमप्रतिष्ठे"ला भुलतो, तर कधी त्याच्या रागात हत्यार हातात धरायलाच लाजतो. आपण तर वर्धा जिल्ह्यात राहतो. या वादाचा जन्म आपल्याच मातीत झाला आहे.

१९३७ चे वर्धा

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची सरकारे नुकतीच सत्तेवर आली होती आणि त्यांचे शिक्षणमंत्रीही हजर होते. परिषदेने सांगितलेल्या चार गोष्टी अशा : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघण्याची अपेक्षा. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तपशील ठरवला आणि फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. हीच "वर्धा शिक्षण योजना", पुढची "नई तालीम". तिचे काम सेवाग्रामहून चाले.

या योजनेचे वेळापत्रक प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा डोळ्यांखालून घालावे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोघांना मिळून तीस मिनिटे. इंग्रजीला सात वर्षांत जागाच नाही. उद्योग कोणते? सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळभाजीची बाग, चामड्याचे काम.

आधी प्रामाणिकपणे कबूल करू, की या योजनेत एक खरी गोष्ट होती. ब्राह्मणी शिक्षणाने हजारो वर्षे हात आणि डोके यांची फारकत केली. ज्याने पोथी वाचली त्याने नांगर धरला नाही, आणि ज्याने चामडे कमावले त्याच्या कानावर अक्षर पडू दिले नाही. एका वर्गात ब्राह्मणाचा मुलगा चामडे शिवतो आणि मांगाचा मुलगा भूमिती शिकतो, असे खरोखर घडले असते तर जातीच्या पायालाच सुरुंग लागला असता. तशी कल्पना मांडणाऱ्यांच्या हेतूवर मला इथे बोलायचे नाही. हेतूपेक्षा रचना महत्त्वाची असते, हे समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.

रचनेत तीन दोष होते.

पहिला दोष पैशाचा. मुलाच्या हातून निघालेल्या सुतावर मास्तरांचा पगार काढायचा म्हटले, की मुलाच्या शिकण्यापेक्षा सुताचे वजन महत्त्वाचे ठरते. ही शंका कोणा आंबेडकरवाद्याने काढलेली नाही. खुद्द झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालात इशारा दिला होता, की आर्थिक बाजूवर जोर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला राहील. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनीही तेव्हाच विरोध केला होता. ज्यांच्या बापाने पाटलाच्या वाड्यावर वेठ केली, त्यांना हा धोका समजायला अहवालाची गरज नव्हती.

दुसरा दोष असा, की ही शाळा सर्वांसाठी झालीच नाही. खेड्यातल्या गरिबाला टकळी आणि शहरातल्या श्रीमंताला इंग्रजी हायस्कूल, अशी वाटणी पुढे देशभर झाली. मूलोद्योगी शाळेतून निघालेल्या मुलाला पुढचे दार जवळजवळ बंद आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाला कचेरी, कॉलेज, कोर्ट सगळे खुले. स्वातंत्र्यानंतर लोकांनी ही योजना का नाकारली, याचे फार गहन कारण शोधायला नको. गरीब माणूस अडाणी असेल, पण कोणत्या दारातून कोण बाहेर पडतो हे तो नीट बघत असतो. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने "कार्यानुभव" आणला.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे. ही योजना ज्या विचारातून आली, त्या विचाराने वंशपरंपरागत धंद्याला कधी पूर्ण रजा दिली नव्हती. १९३६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांचे "जातिसंस्थेचे उच्चाटन" प्रसिद्ध झाले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यातले सूत्र आपल्या पोरापोरींना पाठ असते. त्याला उत्तर देताना जुलै १९३६ च्या "हरिजन"मध्ये गांधींनी लिहिले, की माणसाने पोटापाण्यासाठी वडिलोपार्जित धंदा करावा, हाच वर्णाचा नियम आहे. ब्राह्मणाचे आणि भंग्याचे काम सारख्याच मोलाचे, असेही ते म्हणाले. मोल सारखे, पण अदलाबदल नाही! यानंतर पंधरा महिन्यांनी वर्ध्यात ती परिषद भरली. पुढे गांधींचे विचार काही बाबतींत बदलले, हे मान्य. पण ज्या वेळी पोरांच्या हातात टकळी दिली गेली, त्या वेळचा विचार हा होता.

आपल्या विदर्भापुरती आणखी एक गोष्ट. इथल्या अनेक महार घराण्यांचा धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा होता. गिरण्यांच्या कापडाने तो मारला. मग तीच माणसे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत मजूर झाली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना सूत माहीत नव्हते असे नाही. हातात सूत असूनही माणूस कंगाल कसा होतो, हे त्यांना चांगले माहीत होते. त्यांच्या नातवाला पुन्हा सूत कातायला सांगणे म्हणजे स्वावलंबन कसे?

फुले आणि बाबासाहेब

तर मग आपल्या महापुरुषांना हाताचे शिक्षण नको होते का? उलट आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय हवेत, अशी त्यांची मागणी होती. शेतीच्या धड्यांना जोडून छोटे नमुना-शेत असावे, असेही त्यांनी सुचवले. जोतीरावांच्या यादीत शेती आहे, पण हिशेब आणि इतिहासाचा बळी देऊन नाही. शेतकऱ्याच्या पोराला हिशेब आला पाहिजे, कारण सावकार हिशेबातच त्याला बुडवतो.

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आहेत, वाचनालये आहेत आणि त्यांच्याच जोडीला औद्योगिक व शेतकी शाळा काढून समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे हेही आहे. म्हणजे "बाबासाहेबांनी पाना-पकड धरायला सांगितले नाही" हे आमच्या कार्यकर्त्याचे वाक्य इतिहासाला धरून नाही.

१९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी एक प्रश्न लावून धरला. अस्पृश्यांना गिरणीत काम मिळे, पण विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणाई खात्यातच पगार जास्त होता. म्हणजे श्रमाला "प्रतिष्ठा" आहे म्हणणारा समाज ज्या श्रमात कौशल्य आणि पैसा होता, तिथून आपल्याला थुंकीच्या नावाने बाहेर ठेवत होता. झाडू आपल्या वाट्याला, धोटा त्यांच्या. विणकर जातीच्या हातातून धोटा काढून घेण्याचा हा प्रकार होता.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजच्या बेरोजगार पदवीधराने जरूर वाचावा. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाला फारसा उपयोग होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यासाठी विद्यापीठांतील शिष्यवृत्त्यांना वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. तेवढ्यावर न थांबता सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घ्या, अशीही मागणी केली.

टकळी आणि रेल्वे वर्कशॉप यांतला फरक इथे लक्षात घ्या. दोन्हीकडे हाताचेच काम आहे. पण टकळी माणसाला गावात, गावाच्या उतरंडीत ठेवते. वर्कशॉप त्याला गावाबाहेर काढते, पगार देते, युनियन देते, आणि तिथे फिटरला जात विचारून पाना दिला जावा असा नियम नसतो. छापखान्याचे तर विचारूच नका. ज्या समाजाला अक्षर नाकारले, त्याचा मुलगा खिळे जुळवून अक्षरे छापू लागतो. नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढून वृत्तपत्रे चालवली, त्या कारागिरीतून आपली चळवळ उभी राहिली.

अमेरिकेतले भांडण

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या समाजाच्या शिक्षणावरून असेच भांडण झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे शेती, विटा पाडणे, सुतारकाम यांचे शिक्षण देणारी संस्था उभी केली. आधी धंदा शिका, पैसा कमवा, हक्कांचे नंतर पाहू, असा त्यांच्या १८९५ च्या अटलांटा भाषणाचा सूर होता. गोऱ्या भांडवलदारांनी त्यांना भरभरून देणग्या दिल्या. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्यावर जाहीर टीका केली. धंदेशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण सोडून देण्याच्या सौद्याला त्यांचा विरोध होता. याच ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

बाबासाहेब कोलंबियात शिकत असताना त्यांचे गुरू जॉन ड्यूई हेही याच प्रश्नावर लिहीत होते. कामातून शिकण्याचे ते मोठे पुरस्कर्ते. पण मुलांना चालू कारखान्याच्या साच्यात बसवणारे धंदेशिक्षण त्यांना मान्य नव्हते. कामगाराला आपल्या कामामागचे विज्ञान आणि समाजव्यवस्था कळावी, ती बदलण्याची ताकद त्याच्यात यावी, असे शिक्षण त्यांना हवे होते. गांधींची नई तालीम आणि ड्यूईंचे कामातून शिक्षण या दोन गोष्टी एकच आहेत असे पाठ्यपुस्तकांत सांगतात, तेव्हा हा भेद गाळला जातो.

२०२४ चे वर्धा

हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटत असेल, तर २० सप्टेंबर २०२४ आठवा. त्या दिवशी पंतप्रधान वर्ध्यात आले होते. निमित्त पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचे.

ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. पाच वर्षांसाठी १३,००० कोटींची तरतूद. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, गवंडी, टोपल्या-झाडू विणणारे असे अठरा धंदे. निवडलेल्या कारागिराला पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, टूलकिटसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. आज जो माणूस फुटपाथवर चपला शिवतो, त्याला स्वस्त कर्ज आणि चांगले हत्यार मिळत असेल तर मी त्याला "घेऊ नको" म्हणणार नाही. त्याच्या पोटावर मी माझा सिद्धांत लिहिणार नाही. त्याचा फॉर्मही मी भरून देते.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. योजनेच्या सरकारी मजकुरात "कुटुंबाधारित पारंपरिक धंदे" आणि "गुरु-शिष्य परंपरा" जपण्याची भाषा आहे. अर्ज करण्याचे किमान वय अठरा. जातीचा उल्लेख कुठेही नाही, हे खरे. पण या देशात "कुटुंबाचा पारंपरिक धंदा" म्हणजे काय, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असते. अठराव्या वर्षी, म्हणजे जेमतेम बारावी झाल्यावर, मुलापुढे बापाचा वस्तरा आणि त्यावर कर्ज ठेवायचे की कॉलेजची फी, हा खरा प्रश्न आहे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना आहे त्या रूपात राबवण्यास नकार दिला, तो याच मुद्द्यावर. किमान वय पस्तीस करा आणि कुटुंबाचा धंदा असण्याची अट काढा, असे त्यांचे म्हणणे होते.

तामिळनाडूला हे लगेच कळले, कारण तिथल्या लोकांनी ते एकदा भोगले होते. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यातल्या शाळा तीन तासांच्या केल्या. उरलेल्या वेळात मुलांनी घरी बापाचा धंदा शिकावा. पेरियारांच्या चळवळीने त्याला "कुलक्कल्वी", म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि रान उठवले. राजाजींना जावे लागले आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती योजना रद्द केली. वर्ध्याची टकळी, मद्रासचे तीन तास आणि आजचे टूलकिट यांच्या हेतूंत, काळांत फरक आहे. पण तिन्ही ठिकाणी गरिबाच्या मुलाला "आधी घरचे काम शीक" असे सांगणारा आवाज एकच आहे. हा आवाज कधी शेठजींच्या किंवा भटजींच्या मुलाच्या कानात बोलत नाही.

आता शाळांकडे या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवावे. कल्पना म्हणून चांगली आहे. पण मी माझ्या गावच्या शाळेत "कार्यानुभव" शिकले आहे. त्या तासाला सवर्ण मुली क्रेपचे कागदी हार करायच्या आणि आमच्या वस्तीतल्या आम्ही चौघी वर्ग झाडून पाणी भरायचो. कोणी जात काढली नाही. मास्तर फक्त म्हणायचे, "तुमचा हात चांगला आहे." आमचा हात चांगला आहे, हे मास्तरांना आमचे आडनाव वाचूनच कळत होते. दप्तराविना दहा दिवसांत कोणाच्या हातात कुंभाराचे चाक येईल आणि कोणाच्या हातात खराटा, हे बघायला गावागावात कोणीतरी असले पाहिजे.

बायांच्या बाबतीत तर आणखीच मजा. बौद्ध वस्तीत महिलांसाठी कोणतीही योजना येऊ द्या, शेवटी येते ती शिलाई मशीनच. माझ्या ओळखीच्या एका गल्लीत अकरा मशिनी आहेत आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायाही त्याच अकरा. इलेक्ट्रिक मोटर रिवाइंडिंग, सोलर पंप दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती बायांना का शिकवत नाहीत? विचारले तर उत्तर मिळते, "घरी बसून करता आलं पाहिजे ना!" जातीला वारसा आणि बाईला घर. कौशल्याच्या नावाखाली दोन्ही ठिकाणी कुंपणच मिळते.

आपल्या घरातले दुखणे

एवढे बोलून थांबले तर लेख सोपा होईल आणि खोटाही. दोष आपल्यातही आहे.

आपल्यात एक नवा सोवळेपणा आला आहे. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि टेबल म्हणजेच बाबासाहेबांचे स्वप्न, अशी समजूत. मुलगा वेल्डर आहे म्हणून स्थळ नाकारणारे आणि बेकार एम.ए.ला पसंत करणारे आईबाप मी पाहिले आहेत. वायरमन घरात आला की त्याला "काम करणारा" म्हणून ओट्यावर चहा देणारे आपलेच नोकरदार बांधव आहेत. हे कोणाचे संस्कार? ज्या मनुवादाशी आपण भांडतो, त्यानेच शिकवले की हात काळे करणारा खालचा.

बौद्ध म्हणून तर हे आपल्याला अजिबात शोभत नाही. दर वंदनेला आपण मंगलसुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुतता आणि सिप्प, म्हणजे शिल्प-कारागिरी, या दोन्ही शेजारी-शेजारी मंगल म्हणून सांगितल्या आहेत. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. पण त्याचबरोबर उपालीची कथा विसरू नका. उपाली शाक्यांचा न्हावी. भगवंतांनी त्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. आणि संघात त्याच्या वाट्याला काय आले? वस्तरा नाही, विनय आला. पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्याने केले. भगवंतांनी कारागिरीला मंगल म्हटले आणि कारागिराला तिच्यातून मोकळेही केले. माझ्या मते आपली शिक्षणनीती याच दोन गोष्टींत आहे.

पाच कसोट्या

म्हणून कौशल्याची कोणतीही योजना, कोणतीही शाळा, कोणतेही शिबिर आले, की विरोध किंवा स्वागत करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

एक, हे सर्वांना आहे का? जिल्हा परिषदेच्या शाळेत सुतारकाम आणि शहरातल्या इंग्रजी शाळेत रोबोटिक्स असेल, तर ते शिक्षण नाही, वाटणी आहे.

दोन, मुलाला बापाच्या धंद्याबाहेरचे काम मिळते का? चांभाराच्या मुलाला वायरिंग आणि पाटलाच्या मुलाला चामडे मिळू द्या, मग श्रमप्रतिष्ठेवर बोलू.

तीन, कामामागचे शास्त्र शिकवतात का? आयटीआयच्या अभ्यासक्रमात गणित-विज्ञान आणि ड्रॉइंग हे विषय आहेत. पण किती ठिकाणी ते नुसते सहीपुरते उरतात, हे आपली मुलेच सांगतील. ज्याला ओमचा नियम येत नाही तो आयुष्यभर दुसऱ्याचा हेल्पर राहतो.

चार, पुढचे दार उघडे आहे का? दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचा मार्ग आहे, तिथून इंजिनिअरिंगचाही आहे. हे वस्तीत किती जणांना माहीत आहे? नई तालीम दार बंद असल्यामुळे मेली. उघडे दार आपल्या मुलांना दाखवणे हे आपले काम आहे.

पाच, कामाबरोबर हक्क शिकवतात का? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, तो शिकाऊ. म्हणून कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला नाही. पण सुरक्षितता, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई याबाबत त्याच कायद्यात तरतुदी आहेत. बोट तुटल्यावर वाचण्यापेक्षा आधी वाचलेले बरे.

आणि करायचे काय? पहिले काम गावातच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा आणि निम्म्या महिला. आपल्या वस्तीतल्या आया त्या समितीत फक्त सही करायला जातात की प्रश्न विचारायला, हे आपण ठरवू शकतो. दप्तराविना दहा दिवसांत कोणते मूल कुठे गेले याची यादी मागा. कार्यानुभवाच्या तासाला कोण झाडते याची यादी मागा. दुसरे काम विहारात. अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन ठेवायला काय हरकत आहे? आणि वस्तीतल्या फिटरला, वायरमनला १४ एप्रिलच्या मांडवात लायटिंग लावायला बोलावतो, तसे एकदा मंचावर बोलायलाही बोलवा.

त्या आईला मी काय सांगितले ते शेवटी सांगते. मी आधी मुलालाच विचारले. तो म्हणाला, इलेक्ट्रिशियन. त्याच्या घरात कोणीही कधी ते काम केलेले नव्हते, हे ऐकून मला बरे वाटले. मी म्हटले, घे, पण तीन अटींवर. गणित सोडायचे नाही. दोन वर्षांनी पॉलिटेक्निकचा फॉर्म आपण मिळून भरायचा. आणि रविवारी अभ्यासिकेत यायचे. साहेब होण्याचा हट्ट धरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याने त्याला रविवारी "जातिसंस्थेचे उच्चाटन" वाचून दाखवायचे कबूल केले. बदल्यात पोराने त्याला बोर्डाचा फ्यूज बदलायला शिकवायचे ठरले.

पहिल्या रविवारी दोघेही आले होते. फ्यूज बसला. पुस्तक अजून चालू आहे.

जय भीम!